घरी घडवलेले धनुष्य: मत देताना आणि मत ऐकताना

शिवजयंतीची मिरवणूक असो, शाळेतले इतिहासाचे प्रदर्शन असो, रामनवमीचा देखावा असो की निव्वळ हौस. कुणी हाताने धनुष्य घडवले की ते पाहायला चार माणसे जमतात आणि प्रत्येकाला काही ना काही सांगायचे असते. रायगडच्या किनारपट्टीवर तर सांगण्याचा खरा अधिकार असलेली माणसे आजही आहेत. इथल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर तिरकामठा ही रोजच्या वापरातली वस्तू होती. तो ज्यांनी हाताळला, ती म्हातारी माणसे अलिबाग, रोहा, मुरूडच्या डोंगराकडेला भेटतात. अशा मुलखात धनुष्याच्या प्रतिकृतीवर उगाच काहीतरी बोलून जाणे मला पटत नाही. बोलायचे तर घडवणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे बोलावे.

मत देणाऱ्याने काय करावे

पहिला प्रश्न: ही प्रतिकृती कशाची? हे विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. वाडीवरच्या तिरकामठ्याची नक्कल आणि सतराव्या शतकातल्या सरदाराच्या धनुष्याची नक्कल यांना एकच माप लावता येत नाही. पहिला बांबूचा किंवा एकसंध लाकडाचा. दुसरे बहुधा आत लाकूड, पोटाला शिंग, पाठीला जनावराचे स्नायू आणि हे सगळे सरसाने जोडलेले. त्याची दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वळते. नुसत्या लाकडात त्याचा आकार आणता येतो, ताकद येत नाही. म्हणून घडवणारा म्हणाला, "हे दिसण्यापुरते आहे", तर ते तसेच तपासावे: लांबी, टोकांचे वळण, मुठीची जाडी, रंग. बाण किती लांब जातो हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

साहित्याबाबत तर फारच घाईने निकाल दिले जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चारही प्रकारची धनुष्ये येतात. दोऱ्यांसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादी आहे. यातले ताड आणि रुई तर आपल्या किनाऱ्यावर डोळ्यांसमोर उभे आहेत. सातपुड्यातल्या भिलांच्या धनुष्याला बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी असते. तेव्हा "अशी दोरी कुठे असते का?" असे विचारण्याआधी थोडे थांबावे.

दोरी उतरवून पाहावे, चढवून पाहावे, मग ओढून पाहावे. ओढण्याचे काम घडवणाऱ्यालाच करू द्यावे. सर्वांत चांगली पद्धत अशी: धनुष्य मुठीवर खुंटीला अडकवायचे, मागे भिंतीवर खडूने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, दोरी हळूहळू खाली ओढायची आणि आपण चार पावले मागे उभे राहायचे. मुठीच्या दोन्ही बाजूंची पाती सारखी वाकतात का, हे रेघांमुळे लगेच कळते. एखाद्या ठिकाणी कोपरासारखा बाक दिसला तर लाकूड तिथे पातळ झाले आहे. एखादा भाग फळीसारखा ताठ राहिला तर तिथून अजून तासायला हवे. दोरी उतरवल्यावरही पाती वाकलेलीच राहत असतील तर लाकूड ओले होते किंवा पोटाकडून दबले आहे.

बोट फिरवावे. पाठीवरून, म्हणजे बाण ज्या दिशेला जातो त्या बाजूवरून, मुठीपासून टोकापर्यंत बोट न्यावे. तंतू मधेच तिरपे तुटून बाहेर आले असतील तर नखाला अडतात. चीर सुरू होते ती अशा जागीच. पोटाकडून आडव्या बारीक चुण्या लागतात का पाहावे. त्या दबल्याच्या खुणा. बांबूवर बारीक पिठी दिसली तर किडा आत शिरला आहे, मग बाकीची चर्चा नंतर.

जागा दाखवून बोलावे. "जमले नाही" या दोन शब्दांनी कुणाचे भले होत नाही. "दादा, खालचे पाते मुठीपासून वीतभर अंतरावर जास्त वाकतेय, वरचे टोकाकडे ताठ आहे" असे सांगितले की त्याला काम मिळते. जे चांगले झाले आहे तेही इतक्याच नेमकेपणाने सांगावे. खाचा दोरी कापत नाहीत, मूठ हातात बसते, हे सांगितले नाही तर दुरुस्तीच्या नादात तो तेच बिघडवून बसतो.

महिना कोणता आहे ते पाहावे. धनुष्याच्या लाकडात साधारण 8 ते 12 टक्के ओलावा असेल तर ते चपळ राहते. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे लाकूड हवेतले पाणी ओढत राहते, धनुष्य मंदावते आणि वाक धरते. शिंग-स्नायूच्या धनुष्यांना तर दमट हवा आणखी जाचक, कारण सरस मऊ पडतो. जुलैत पाहिलेल्या धनुष्याचा निकाल जानेवारीत पुन्हा पाहूनच द्यावा.

मत देणाऱ्याने काय टाळावे

गुळगुळीतपणाला कारागिरी समजू नये. लाकडात गाठ असेल तर तिच्याभोवतीचे लाकूड थोडे उंच ठेवतात, म्हणजे तंतू कापले जात नाहीत. इंग्लंडचे मेरी रोझ हे जहाज 1545 मध्ये बुडाले आणि 1982 मध्ये वर काढले गेले. त्यात शेकड्याहून जास्त अखंड धनुष्ये मिळाली. राजाच्या आरमारातली शस्त्रे ती, तरी त्यांच्यावर हत्यारांच्या खुणा आहेत आणि गाठींचे उंचवटे जसेच्या तसे आहेत. आपल्याकडे बांबूच्या पेरांचेही तेच. ती घासून सपाट करायला सांगणे म्हणजे धनुष्य मोडायला सांगणे.

मालिकेत पाहिलेले धनुष्य पुरावा म्हणून पुढे करू नये. सोनेरी नक्षी आणि दुहेरी वळणे तिथे पडद्यासाठी असतात.

बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. कितीही जवळचा मित्र असला तरी नाही. बाणाबरोबर जाणारा जोर पात्यांत परत फिरतो आणि चांगले धनुष्यही तडकते.

"गावठी", "जंगली" हे शब्द वाडीवरच्या तिरकामठ्याला लावू नयेत. त्यात जे साधेपण दिसते ते कमीत कमी हत्यारांत, हाताशी असलेल्या बांबूत काम भागवण्याचे ज्ञान आहे, आणि ते ज्यांच्याकडे आहे त्यांना आजवर पुरेसा मान मिळालेला नाही. माझ्या मते प्रतिकृतींच्या जगातला हा सर्वांत मोठा दोष: राजेरजवाड्यांच्या शस्त्रांची नक्कल कौतुकाने होते आणि शेजारच्या माणसाच्या शस्त्राची होत नाही.

मिरवणूक निघायच्या आधी अर्धा तास दोष काढू नयेत. धोका असेल तेवढाच तेव्हा सांगावा, बाकी दुसऱ्या दिवशी.

घडवणाऱ्याने काय करावे

धनुष्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी. मूळ वस्तू कुठे पाहिली, मापे स्वतः घेतली की फोटोवरून काढली, लाकूड कोणते, कधी तोडले, कधी तासले, दोरी कशाची. धामण वापरली असेल तर तसे लिहावे. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हणतात इतकी ती या कामाला जुनी आहे. जिथे मूळ सोडून आपल्या सोयीने केले, तेही लिहावे. ही चिठ्ठी असली की निम्मे वाद होतच नाहीत.

शोभेचे की चालवायचे, हे मोठ्या अक्षरात सांगावे. शोभेच्या धनुष्याला सैल दोरी बांधावी, म्हणजे कुणी पोर ओढायला गेले तरी इजा होणार नाही.

मत ऐकावे, लिहून घ्यावे आणि कानस त्या दिवशी खाली ठेवावी. काढलेले लाकूड परत चिकटत नाही. दोघातिघांनी वेगवेगळ्या वेळी एकच जागा दाखवली तरच तिथे हात लावावा. तोही थोडा: चार-सहा वेळा कानस फिरवायची, दोरी वीस-तीस वेळा अर्धवट ओढून हाताने सावकाश परत आणायची, आणि मग पुन्हा भिंतीवरच्या रेघांसमोर धरायचे. लाकडाला नवा बाक अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो न देता पुन्हा तासले तर दुसरे पाते जड पडते, मग ते तासावे लागते आणि शेवटी हातात खेळणे उरते.

वाडीवर जावे. पण हातात कॅमेरा घेऊन नव्हे, धनुष्य घेऊन. "बाबा, हे बघा, कुठे चुकलंय?" असे विचारावे आणि बाबांना ते हातात घेऊन वेळ घेऊ द्यावा. पुष्कळदा ते बोलणार नाहीत, अंगठा एका जागी दाबून दाखवतील. ती जागा पेन्सिलीने आखून घ्यावी. त्यांचा दिवस मोडला तर दिवसाची मजुरी द्यावी, आणि त्यांची परवानगी असेल तर चिठ्ठीवर त्यांचे नावही लिहावे.

घडवणाऱ्याने काय टाळावे

दोष दाखवला की "हे तर पहिलेच आहे" म्हणू नये. पाहणारा मग गप्प बसतो आणि तुमचे नुकसान होते.

स्वतःच्या कामाला "अस्सल शिवकालीन" म्हणू नये. कोणत्या संग्रहालयातल्या कोणत्या वस्तूवरून केले, एवढेच सांगावे. जुन्या वस्तूचा आधार नसेल तर "कल्पनेवरून" असे स्पष्ट म्हणावे, त्यात कमीपणा नाही.

लाकडासाठी फणसाडसारख्या अभयारण्यात कोयता घेऊन शिरू नये. तो गुन्हा आहे. परसातला किंवा बाजारातला बांबू पुरतो. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्यावा, त्याला किडा कमी लागतो.

नेम तपासायला पाखरांवर, सशांवर बाण सोडू नये, आणि वाडीवरच्या कुणाला "शिकार करून दाखवा" असे तर मुळीच म्हणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि पकडले गेल्यावर भोगावे लागते ते त्या माणसाला. भाताच्या पेंढ्याची गच्च बांधलेली गादी, मागे मातीचा बांध आणि आजूबाजूला कुणी नाही याची खात्री, एवढ्यावर चाचणी होते.

आणि एक विनंती सगळ्यांना. माळ्यावर, देवळात, वाडीवरच्या कुडाला टांगलेले एखादे जुने धनुष्य तुमच्या माहितीत असेल, तर त्याला वॉर्निश लावू नका, दोरी चढवू नका, ओढून पाहू नका. त्याची लांबी, मुठीजवळची आणि टोकाजवळची जाडी-रुंदी मोजून ठेवा, मागून-पुढून फोटो घ्या आणि ते कुणी केले होते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना यंदाच विचारून घ्या.