विसराळूपणा की स्मृतिभ्रंश?

प्रश्न : सत्तरीनंतरचा विसराळूपणा वयाचा की स्मृतिभ्रंशाचा, हे कसे ओळखावे?

उत्तर : चष्मा कुठे ठेवला हे विसरणे आणि थोड्या वेळाने आठवणे, हा वयाचा भाग. स्मृतिभ्रंशात घडलेला प्रसंगच पुसला जातो. जेवून तासही झालेला नसताना ‘मला कुणी वाढलंच नाही’ अशी तक्रार होते. जुन्या आठवणी मात्र सुरुवातीला शाबूत असतात, आणि घरचे नेमके तिथेच फसतात. स्मरणशक्तीपेक्षा व्यवहार अधिक बोलका असतो : जन्मभर पुरणपोळ्या केलेल्या बाईंचा कृतीचा क्रम चुकतो, सुट्या पैशांचा हिशेब जमत नाही, रोजच्या गल्लीत वाट चुकते. काहींत विसर नंतर, संशय आणि चिडचिड आधी दिसते.

अल्झायमर हा आजार स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक उद्भवला, तर जंतुसंसर्ग, सोडियमची घट किंवा एखादे औषध कारणीभूत असू शकते. तेव्हा थांबू नये. ब-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत ती बरीच आढळते), थायरॉईडचा विकार आणि नैराश्य यांतही अशीच लक्षणे दिसतात व उपचारांनी बहुधा सुधारतात. त्यामुळे रक्ततपासणी टाळू नये. डॉक्टरांकडे जाताना रोज सोबत राहणारी व्यक्ती आणि चालू औषधांची यादी बरोबर असावी.