वाइनचीं द्राक्षें कोणासाठीं लावावीं?

वाइनचीं द्राक्षें लावूं इच्छिणाऱ्या बागाइतदारानें आधीं कारखाना पाहावा, मग जमीन. थॉम्पसनचा माल एका व्यापाऱ्यानें नाकारला तर दुसरा घेतो. शिराझचे मणी बारीक व बियांचे, त्यांस खाण्याच्या बाजारांत गिऱ्हाईक नाहीं. २००१ च्या सरकारी उत्तेजनानंतर नाशिककडे अशा बागा झपाट्यानें वाढल्या. २००८ नंतर मागणी खालावतांच पुष्कळांनीं वेली उपटल्या. आमच्या जिल्ह्यांत नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं फेसाळ वाइन काढून परदेशीं नांव मिळविलें, तरी तो कारखाना टिकला नाहीं.

आज आमची पसंती विचाराल तर नाशिकच्या सुलाची सोव्हिन्यों ब्लां, अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेसे, आणि परप्रांतांतील म्हणून नंदी टेकडीच्या पायथ्याच्या ग्रोव्हरची ‘ला रिझर्व’. अकलूजसारख्या उष्ण, उंसाच्या मुलखांत इटलीची वेल रुजेल असें आम्हांस वाटलें नव्हतें.

पण चव निराळी, व्यवहार निराळा. वेल भर पिकास येण्यास दोनतीन वर्षें लागतात, म्हणून एका हंगामाचा करार कुचकामाचा. दर बहुधा रसांतील साखरेच्या अंशावर ठरतो; तो अंश कोणीं, कोठें व कोणासमक्ष मोजावयाचा, आणि तोडणी कारखान्याच्या सोईनें लांबली तर घटलेल्या वजनाची भरपाई कोणाकडे, हें कलम लागवडीपूर्वीं लिहून घ्यावें.