लेखनाचे काम ऑनलाइन शोधताना: प्लॅटफॉर्मचा कस कसा लावावा?

या पाठात तुम्ही शिकाल: लेखनाचे काम देणारे प्लॅटफॉर्म किती प्रकारचे असतात, त्यांतून प्रत्यक्ष खात्यात किती पैसे येतात, खरे आणि खोटे काम कसे ओळखावे, आलेले पैसे कसे नोंदवावेत.

शाखेत पासबुक भरायला येणारे खातेदार अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. "घरी बसून लिहिण्याचे काम मिळते म्हणतात. कोणत्या साइटवर नाव नोंदवू?" विचारणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, निवृत्त शिक्षक असतात, लहान मुले असल्याने नोकरी सोडलेल्या ताई असतात. कोणती साइट, हा प्रश्न बरोबर आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: या साइटवरून माझ्या खात्यापर्यंत पैसा कोणत्या वाटेने येतो?

बहूबाजारात गलाईचे काम करणाऱ्या आपल्या सांगलीकडच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. सोने कितीही चमकले तरी कस लावल्याशिवाय भाव ठरत नाही. लेखनाच्या प्लॅटफॉर्मलाही तसाच कस लावायचा आहे.

आपल्याकडे विकण्यासारखे काय आहे?

कोलकात्यात राहून लेखणीवर पोट भरणारा मराठी माणूस ही नवी गोष्ट नाही. सखाराम गणेश देऊस्कर मराठी घरातले, पण त्यांनी लिहिले बंगालीत. येथील 'हितवादी' पत्राचे ते संपादक होते आणि १९०४ साली आलेले त्यांचे 'देशेर कथा' हे पुस्तक गाजले. त्यांच्याजवळ दोन भाषा होत्या. तुमच्याजवळ बहुधा चार आहेत: मराठी, बंगाली, हिंदी आणि इंग्रजी.

हीच तुमची पुंजी. नुसत्या इंग्रजी लेखांसाठी जगभरचे लोक रांगेत असतात आणि भाव पडतो. बंगालीतून मराठीत भाषांतर, मराठी उपशीर्षके, एखाद्या कंपनीच्या सूचनापत्रकाचे मराठीकरण अशा कामांना उमेदवार कमी असतात. म्हणून नाव नोंदवण्याआधी आपण कोणत्या दोन भाषांत आणि कोणत्या विषयावर नीट लिहू शकतो, ते कागदावर लिहा.

प्लॅटफॉर्मचे चार प्रकार

१. बोली लावण्याचे बाजार. अपवर्क आणि फ्रीलान्सर डॉट कॉम ही यांची उदाहरणे. काम देणारा जाहिरात टाकतो आणि तुम्ही प्रस्ताव पाठवता. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट्स' लागतात. ते विकत घ्यायचे झाल्यास एकाला १५ सेंट पडतात आणि एका प्रस्तावाला अनेक लागतात. मिळालेल्या पैशांतून कामागणिक ० ते १५ टक्के कमिशन कापले जाते. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरावीक रकमेच्या कामावर १० टक्के किंवा ५ डॉलर, यांपैकी जे जास्त असेल ते कापतात. म्हणजे २० डॉलरच्या छोट्या कामात चौथा हिस्सा तिथेच गेला.

२. दुकान मांडण्याचे बाजार. यात फायव्हर मोडते. 'मी अमुक शब्दांचे भाषांतर इतक्या दिवसांत, इतक्या पैशांत करून देईन' अशी पाटी तुम्ही लावता आणि ग्राहक येऊन खरेदी करतो. कमिशन २० टक्के.

३. व्यवसायाची नोंदवही. भाषांतरकारांसाठी १९९९ पासून चालणारे प्रोझ हे असे ठिकाण. त्याच्या 'ब्लू बोर्ड'वर काम देणाऱ्या संस्थांबद्दल भाषांतरकारांनी १ ते ५ असे गुण दिलेले असतात. पैसे बुडवणारी संस्था आधीच कळते, हा याचा मोठा फायदा. लिंक्डइनवरची ओळखही याच प्रकारात धरा. कमिशन नसते, पण पैसे वसूल करण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

४. वाचकांकडून कमाई. बंगळुरूच्या प्रतिलिपीसारख्या ठिकाणी मराठी कथा, कादंबऱ्या लिहिता येतात. वाचक वाढले तर उत्पन्न होते. हौस म्हणून उत्तम, पण महिन्याचा किराणा यावर ठरवू नका.

कमिशनचे दर कंपन्या बदलत असतात. नाव नोंदवाल त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे शुल्काचे पान उघडून पुन्हा पाहा.

हातात किती पडते? एक हिशेब

समजा, भवानीपूरला राहणाऱ्या एका ताईंना १,००० शब्दांचे भाषांतर २० डॉलरला मिळाले. हिशेबासाठी डॉलरचा भाव ८५ रुपये धरू.

ग्राहकाने दिले: २० डॉलर
२० टक्के कमिशन वजा: ४ डॉलर
उरले: १६ डॉलर, म्हणजे १,३६० रुपये
चलन बदलणे आणि पैसे काढणे यांत ४ टक्के गेले असे धरल्यास: सुमारे ५४ रुपये
खात्यात जमा: सुमारे १,३०६ रुपये

ग्राहकाशी बोलणे, भाषांतर आणि दोन वेळा दुरुस्त्या यांना मिळून ५ तास लागले. तासाला पडले सुमारे २६१ रुपये.

आता याच ताईंना कोलकात्यातील एका संस्थेने थेट काम दिले, शब्दाला १ रुपया. मिळाले १,००० रुपये. कापाकापी नाही, वेळ ३ तास. तासाला पडले सुमारे ३३३ रुपये. डॉलरचा आकडा मोठा दिसला तरी तासाची कमाई थेट कामात जास्त निघाली.

तिसरी शक्यताही पाहा. एका प्रस्तावाला १० कनेक्ट्स लागले आणि असे २० प्रस्ताव पाठवल्यावर पहिले काम मिळाले, तर कनेक्ट्सवरच ३० डॉलर, म्हणजे २,५५० रुपये खर्च झाले. हा खर्च फसवणूक नाही, पण ती गुंतवणूक आहे. तिची मर्यादा आधी ठरवा. 'तीन महिन्यांत १,५०० रुपयांपेक्षा जास्त घालणार नाही' असे वहीत लिहा आणि पाळा.

पैसे कधी येतात आणि तोवर कुठे असतात?

चांगल्या प्लॅटफॉर्मची मोठी खूण म्हणजे काम सुरू होण्याआधी ग्राहकाचे पैसे तिऱ्हाइताकडे जमा होतात. याला एस्क्रो म्हणतात. गावाकडे जमिनीच्या व्यवहारात विसार मध्यस्थाकडे ठेवतात, तसेच हे. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात टप्प्याचे पैसे जमा झालेले दिसल्याशिवाय लिहायला बसू नका. काम सादर केल्यावर ग्राहकाने १४ दिवसांत काहीच उत्तर दिले नाही, तर रक्कम आपोआप मोकळी होते आणि त्यानंतर आणखी ५ दिवस थांबावे लागते. फायव्हरवर नव्या विक्रेत्याला काम पूर्ण झाल्यावर साधारण १४ दिवस थांबावे लागते.

यातून दोन धडे. एक, या पैशांच्या भरवशावर कर्जाचा हप्ता किंवा शाळेची फी ठरवू नका. दोन, प्लॅटफॉर्मवर दिसणारी शिल्लक म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. तिच्यावर व्याज नाही आणि बँकेतील ठेवींना असलेले ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षणही तिला नाही. रक्कम साठू न देता खात्यात आणत राहा.

आणि ग्राहक म्हणाला, "कमिशन वाचवू, टेलिग्रामवर या," तर जाऊ नका. बाहेर पाऊल टाकले की एस्क्रोचे संरक्षण संपते आणि नियम मोडल्याबद्दल तुमचे प्लॅटफॉर्मवरील खातेही बंद होऊ शकते.

खोटे काम कसे ओळखावे?

पहिली खूण: काम देण्यासाठी पैसे मागणे. नोंदणी फी, अनामत, प्रशिक्षण, 'परत मिळणारी' सुरक्षा रक्कम, नाव काहीही असो. प्लॅटफॉर्मने जाहीर केलेले कमिशन किंवा बोलीचा खर्च वेगळा आणि काम देणाऱ्याने खासगी यूपीआयवर मागितलेले पैसे वेगळे.

दुसरी खूण: कायद्याची धमकी. हा प्रकार बराच चालतो. 'पाने टाइप करा, आठवड्याला हजारो मिळवा' अशी जाहिरात येते. तुम्ही मोबाइलवर एक करार मान्य करता. काम दिल्यावर ते म्हणतात, चुका जास्त आहेत, करार मोडला. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते: 'आज पैसे भरा, नाहीतर अटक.' घाबरून लोक ठेव मोडतात. लक्षात ठेवा, करारभंगाचा वाद दिवाणी न्यायालयात जातो. व्हॉट्सअॅपवरच्या नोटिशीवरून कुणाला अटक होत नाही. एक रुपयाही भरू नका. नोटीस, नंबर, संभाषण जपून ठेवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

तिसरी खूण: तुमचे खाते मागणे. 'परदेशी ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, थोडे ठेवून बाकी पुढे पाठवा' हे लेखनाचे काम नाही. ते पैसे बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात. पोलिसांकडून पत्र आले की बँकेला ती रक्कम, कधी पूर्ण खाते, रोखावे लागते. त्यात तुमचा पगार, पेन्शन, आवर्ती ठेवीचा हप्ता सगळे अडकते. ग्राहक एक आणि पैसे दरवेळी वेगवेगळ्या अनोळखी नावांनी येत असतील, तरीही सावध व्हा.

चौथी खूण: फुकटचा नमुना. दोनशे शब्दांचा नमुना मागणे रास्त आहे. पूर्ण लेख 'चाचणी' म्हणून मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पॅन आणि आधार फक्त प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पानावर भरा, चॅटवर पाठवू नका.

थेट काम घेताना तुमचे हक्क

भारतीय संस्थेशी थेट काम करत असाल, तर शब्दांचा दर, दुरुस्त्यांची संख्या आणि पैसे देण्याची तारीख ईमेलवर लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचे लिखाण मुळात त्याचेच असते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावे लागते. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असे वाक्य दिसले, तर त्याचा मोबदलाही दरात धरा.

सेवा देणारा एकटा माणूसही उद्यम पोर्टलवर मोफत नोंदणी करू शकतो. कुणी फी मागितली तर तो दलाल समजा. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशिरावर चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रारही करता येते.

पैसे आल्यानंतर

लेखनाचे पैसे हे उत्पन्नच आहे, देशातून आलेले असो वा परदेशातून. एका वहीत पाच रकाने आखा: तारीख, ग्राहक, बिलाची रक्कम, कापलेली रक्कम, खात्यात जमा. परदेशातून पैसे आल्यास बँक कारण विचारेल. त्यासाठी बिल आणि करार जवळ ठेवा आणि बँकेकडून परकीय रक्कम आल्याची सूचना मागून घ्या.

भारतीय संस्था व्यावसायिक फी देत असेल आणि ती वर्षात ५० हजार रुपयांवर गेली, तर १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन न दिल्यास तो २० टक्के होतो. तुमच्यावर कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरून कापलेली रक्कम परत मिळते. मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस नको म्हणून बँकेत घोषणापत्र देणाऱ्यांनी वर्षाच्या अंदाजात लेखनाची कमाईही धरावी.

शेवटी बचतीचे. ही कमाई एका महिन्यात येते, दुसऱ्या महिन्यात येत नाही. म्हणून पहिले तीन महिने तिच्यावर कोणताही नियमित खर्च लावू नका. त्यानंतर ज्या महिन्यात सर्वांत कमी आले, तेवढाच आकडा धरून त्याच्या निम्म्या रकमेची आवर्ती ठेव सुरू करा. टपाल खात्यात ती महिना १०० रुपयांपासून उघडता येते.

स्वाध्याय

नाव नोंदवण्याआधी या सहा प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

१. हा प्लॅटफॉर्म माझ्याकडून कोणकोणते पैसे कापतो?
२. ग्राहकाचे पैसे आधी जमा होतात का?
३. काम दिल्यापासून खात्यात जमा होईपर्यंत किती दिवस लागतात?
४. सर्व कापाकापीनंतर मला तासाला किती पडतात?
५. वाद झाला तर तक्रार कुठे करायची?
६. मी किती रुपये आणि किती महिने घालून पाहणार आहे?

एकाही प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर तिथे नाव नोंदवू नका. पैसे मागणारा संदेश आला आणि खरेखोटे कळेना, तर पैसे भरण्याआधी तो मोबाइल घेऊन शाखेत या. भरलेले पैसे परत मिळवण्यापेक्षा न भरणे केव्हाही सोपे.