वाढत्या अंगाचे परकर-पोलके

काठाचा परकर आणि खणाचे पोलके हा वेष आज मुलींच्या अंगावर सणासुदीलाच दिसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र महाराष्ट्रातील कित्येक मुली हाच वेष करून शाळेत जात, पाणी भरत आणि अंगणात फुगड्या खेळत. हे कपडे बहुधा घरीच शिवले जात. आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्यातून परकर निघे आणि चोळीच्या खणातून पोलके. त्या शिवण्याची एक रीत होती. ती मी लहानपणी पाहिली होती, पण तिचा अर्थ मला कळला तो फार उशिरा, माझ्या भाचीमुळे.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला जुन्या पद्धतीचे परकर-पोलके हवे होते. आम्ही दुकानात गेलो. तेथे तयार परकर होते, पण त्यांच्या कमरेला इलॅस्टिक होते आणि काठ म्हणून खाली चकचकीत फीत चिकटवलेली होती. भाचीने एक परकर उलटा करून पाहिला आणि हळूच म्हणाली, "आत्या, हा जुन्यासारखा दिसतो, पण जुना नाही गं." आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो.

माझी आई हे सारे ऐकत होती. ती काही बोलली नाही. उठून तिने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढावयास सांगितली. ट्रंकेच्या तळाशी धोतराच्या पानात गुंडाळलेले एक अंजिरी रंगाचे इरकली लुगडे होते. ते माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या सासूबाईंचे. घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला होता.

इरकली लुगडे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात इळकल या गावी विणले जाते. गावाच्या नावावरूनच त्यास 'इरकली' म्हणतात, आणि दक्षिण महाराष्ट्रात ते पिढ्यान्‌पिढ्या नेसले गेले आहे. त्याचे अंग सुती असले तरी पदराचे उभे धागे रेशमाचे असतात. अंगाचा एकेक उभा धागा पदराच्या एकेका उभ्या धाग्यात फाशासारखा अडकवून मग पुढे विणतात. म्हणून पदर जोडलेला आहे हे पाहणाऱ्यास कळत नाही. तांबड्या रंगावर पांढरी नक्षी असलेल्या या पदरास टोपपदर म्हणतात.

आईने लुगडे मांडीवर पसरले. बराच वेळ ती त्यावरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, "घे. पण पदराला कात्री लावायची नाही. आणि आज कापायचे नाही. आधी कापड वाचायचे."

कापड वाचावयाचे म्हणजे काय, हे तिने नातीला खिडकीपाशी नेऊन दाखवले. लुगड्याचा एकेक भाग तिने उजेडासमोर धरला. जेथून उजेड दाट जाळीतून यावा तसा सारखा येत होता, तेथे कापड चांगले होते. जेथे तो पाण्याच्या डागासारखा पसरत होता, तेथे ते विरले होते. नऊवारी लुगड्याचा कासोटा मागे खोचतात. तो भाग बसण्याउठण्याने झिजतो. निऱ्यांचा खालचा काठ पायांत येऊन घासतो. पदराजवळचा भाग त्या मानाने शाबूत राहतो. शेवटी आईने कापडाची बारीक चिमूट दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहिली. जेथे चरचर आवाज आला तेथे तिने खडूने फुली केली. लुगडे नऊ वारांचे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्यात फुलीविना सलग असे तीनच वार मिळाले.

"एवढेच?" भाचीचा चेहरा उतरला.

"एवढे पुष्कळ झाले," आई म्हणाली.

कापड आधी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवले. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ते आटायचे तेवढे आधीच आटलेले बरे. हे लुगडे पूर्वी शंभरदा धुतलेले असेल, तरी आईने हा नियम मोडला नाही. नव्या खणाला तर तो हवाच. कापड सरळ कापण्यासाठी तिने आडवा एक धागा सुईच्या टोकाने उचलून ओढून काढला. त्याच्या जागी जी बारीक रेघ उमटली, तीवरून कात्री चालवली. पट्टीने आखलेल्या रेघेपेक्षा ही रेघ खरी, कारण ती कापडाने स्वतःच दाखवलेली असते.

आता परकराचे गणित पाहा. कापड दुकानात मीटरने मिळते, पण शिंप्याची टेप अजून इंचांनी बोलते, म्हणून आपणही इंचच धरू. लुगड्याचा पन्हा 45 इंच होता. भाचीची कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची भरली 32 इंच. खालचा काठ ही विणलेली पक्की कड असल्यामुळे तेथे दुमड घालावी लागत नाही. वर नेफ्यासाठी दीड इंच. बेरीज साडेतेहेतीस. म्हणजे साडेअकरा इंच कापड उरते, असे मी झटकन सांगितले आणि खडू उचलला.

आईने माझा हात धरला. "आणि टक?"

टक म्हणजे परकराच्या खालच्या भागात आडवी घातलेली दुमड. काठाच्या वर चार बोटे सोडून एक आणि तिच्या वर दुसरी, अशा दोन टका ती घालणार होती. एक इंचाच्या टकेत कापड दुहेरी दुमडले जाते, म्हणून तीत दोन इंच कापड जाते. दोन टकांत चार. त्या दिसावयास शोभेच्या वाटतात. मीही लहानपणी तसेच समजत होते. खरे काम त्यांचे निराळेच. मुलगी उंच झाली की खालची टक उसवावयाची, परकर दोन इंच लांब होतो. पुढे दुसरी उसवावयाची, आणखी दोन इंच. कापड महाग आणि मुली भराभर वाढणाऱ्या, तेव्हा एकच परकर तीन-चार वर्षे पुरवण्याची ही युक्ती होती. अशा कपड्याला 'वाढत्या अंगाचा' कपडा म्हणत. टका शिवताना टाका मोठा ठेवतात, तोही यासाठीच. बारीक टाका उसवताना जुने कापड फाटते.

नेफ्याचेही तसेच आहे. तीन वारांचा, म्हणजे 108 इंचांचा घेर नाडीने आवळून 24 इंचांच्या कमरेला बसतो, आणि कमर वाढली तरी त्याला काही अडचण नसते. नाडी थोडी सैल करावयाची एवढेच. दुकानातील इलॅस्टिकचा परकर सोयीचा खरा, पण ते एकदा सैल पडले की परकर कमरेवर राहत नाही.

साडेसदतीस इंच परकराला गेले. खाली साडेसात इंच रुंदीची, काठासह एक लांब पट्टी उरली. ती आईने गुंडाळून बाजूला ठेवली. तिचे पुढे काय झाले ते सांगतेच.

पोलक्यासाठी आम्ही खण आणला होता. खण हे खास चोळीसाठी विणलेले कापड. त्याचे जुने माहेर बागलकोट जिल्ह्यातीलच गुळेदगुड्ड. अंगभर बारीक नक्षी आणि कडेला काठ असे त्याचे रूप असते. देवीची ओटी खणा-नारळाने भरतात तो हाच खण. आता त्याच्या साड्या, पिशव्या, टोप्यासुद्धा होतात आणि पुष्कळसा खण यंत्रमागावर निघतो. मला साड्यांपेक्षा तो पोलक्यातच अधिक शोभतो असे वाटते. बारीक नक्षी लहान अंगावर खुलते.

प्रथम वर्तमानपत्राच्या कागदावर मापे घेऊन नमुना कापला. छाती 28 इंच, अधिक हात सहज वर करता यावा म्हणून चार इंचांचा सैलपणा. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. साधारणपणे अर्धा इंच माया पुरते. आईने दोन्ही बाजूंच्या शिवणींत एकेक इंच सोडली. दोन शिवणींच्या मिळून चार कडा होतात. पुढेमागे प्रत्येक कडेचा अर्धा इंच मोकळा केला तरी पोलके दोन इंचांनी वाढते. हा शब्द त्या जागी कोणी प्रथम वापरला असेल, त्याला कपडा शिवणाऱ्या आईचे मन ठाऊक असले पाहिजे.

बाह्या कापण्याचे काम मी मागून घेतले. फुग्याची बाही दिसावयास अवघड, पण रीत सोपी आहे. बाहीचा वरचा भाग खांद्याच्या घेरापेक्षा दीडपट रुंद कापतात, त्यावर धावदोऱ्याच्या दोन ओळी घालतात आणि दोरे ओढून चुण्या जमवतात. मात्र बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. पुढच्या बाजूस गोलाई थोडी खोल घेतात, कारण हात पुढे वळतो. म्हणून एक बाही कापली की दुसरीसाठी नमुना उलटा ठेवावयाचा. मी तो उलटला नाही. कापड सुलट ठेवून एकाच नमुन्याने दोन बाह्या कापल्या, आणि शिवावयास घेतल्यावर ध्यानात आले की दोन्ही उजव्या हाताच्याच आहेत! खण नेमका मापाइतका आणलेला. समारंभ दोन दिवसांवर आलेला. भाचीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले आणि मी मान वर करीना.

आई मला एक शब्दही बोलली नाही. तिने ती साडेसात इंचांची पट्टी आणली. वास्तविक ती नात्यातील एका तान्ह्या बाळाच्या दुपट्याच्या कडेला लावावयाची असे तिने मनात योजले होते. हे मला मागाहून कळले. तिने पट्टीचा काठ वेगळा केला आणि त्याची दंडाभोवतीची पट्टी बेतली. वरच्या अंजिरी कापडाचा फुगा केला. या खेपेला नमुना नातीच्या हाती दिला. नातीने एक बाही कापली, नमुना उलटा केला, मला दाखवला, आणि मग दुसरी कापली. खणाचे पोलके आणि लुगड्याच्या बाह्या! परकराचा रंग वर बाह्यांत आल्यामुळे दोन्ही कपडे जणू एकमेकांशी बोलू लागले. आम्ही ठरवून केले असते तर इतके चांगले जमले नसते.

लांब शिवणी आम्ही हाताने फिरवण्याच्या शिवणयंत्रावर घातल्या. या यंत्राची एक गंमत आहे. हाताच्या सुईचे भोक डोक्याशी असते, यंत्राच्या सुईचे टोकाशी. वरचा दोरा सुई खाली नेते आणि खालच्या बॉबिनचा दोरा त्यात अडकतो. असे दोन दोऱ्यांचे कुलूप प्रत्येक टाक्याला बसते. एलियास हौ या अमेरिकन कारागिराने 1846 साली अशाच यंत्राचे पेटंट घेतले. गळ्याची कड, काजे आणि हूक मात्र हातानेच केले. शिवण हे मुलींचेच काम असे जर कोणा मुलाला हा धडा वाचताना वाटत असेल, तर त्याने आपल्या गावच्या शिंप्याच्या दुकानात तासभर बसून यावे. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचेच होते.

समारंभाच्या दिवशी दोन घट्ट वेण्या, त्यांना तांबड्या रिबिनी, हातांत काचेच्या बांगड्या आणि केसांत अबोलीचा गजरा, एवढाच साज केला. गळ्यात जाड माळ घालण्याचा भाचीचा आग्रह होता. आईने घालू दिली आणि आरसा पुढे धरला. खणाची नक्षी माळेखाली झाकून गेलेली पाहून भाचीने ती आपणच काढून ठेवली.

पुढच्या वर्षी भाची दीड-दोन इंचांनी उंच झाली. दिवाळीच्या आधी एके दुपारी ती परकर घेऊन आजीजवळ बसली आणि खालची टक उसवू लागली. मोठे टाके एकामागून एक सुटले. टक उलगडली तेव्हा तिच्या आत दडलेले कापड बाहेरच्या कापडाहून गडद निघाले. उन्हापाण्यात बाकीचा परकर थोडा विटला होता. तेवढा दोन इंचांचा पट्टा तसाच अंजिरी राहिला होता. भाचीने तो आजीला दाखवला. आजीने चष्मा सारखा करून पाहिले आणि म्हणाली, "असाच रंग होता बरं का सासूबाईंच्या लुगड्याचा." वरची टक अजून शिवलेलीच आहे.