एका नावाचा प्रवास

जुनी पुस्तके, जुने कागद आणि जुन्या पाट्या पाहिल्या, तर गोदातीरावरील एका प्रसिद्ध नगराचे नाव दोन प्रकारे लिहिलेले आढळते. कोठे 'नासिक', तर कोठे 'नाशिक'. यांतील खरे कोणते आणि खोटे कोणते, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात सहज उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यास उत्तम साक्षीदार म्हणजे प्राचीन लेख होत.

मध्य प्रदेशात भारहुत येथे एक बौद्ध स्तूप होता. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील त्याच्या एका खांबावर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेला आहे. वसुकाची पत्नी गोरखिता हिने तो खांब दान दिला आणि ती 'नासिक' येथील होती, असे त्यात सांगितले आहे. शेकडो मैल दूर दान देताना त्या स्त्रीने आपल्या नावाबरोबर आपल्या गावाचे नावही दगडावर अमर केले! त्याच शतकातील थोर वैयाकरण पतंजली याने आपल्या महाभाष्यात या नगरास 'नासिक्य' म्हटले आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतही पुरावा आहे. तेथील एक लेणे सातवाहन राजा कृष्ण याच्या काळी एका अधिकाऱ्याने कोरविले. त्याच्या लेखात त्या अधिकाऱ्यास 'नासिकक', म्हणजे नासिकचा, असे म्हटले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलवेत्त्याच्या ग्रंथातही 'नासिक' हे नाव आले.

पुढे मोगल अमलात या शहरास 'गुलशनाबाद', म्हणजे फुलबागांचे शहर, असे नाव मिळाले. नाव सुंदर होते. परंतु अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बसल्यावर ते मागे पडले आणि जुने नाव पुन्हा रूढ झाले. इंग्रजी अमदानीत, 1883 साली प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरवरही 'नासिक' असेच छापले गेले.

मग 'स' चा 'श' कसा झाला? ही मराठी जिभेची जुनी सवय आहे. 'इ', 'ई' किंवा 'ए' हे स्वर पुढे आले, की मराठीत 'स' चा पुष्कळदा 'श' होतो. संस्कृत 'सीमा' या शब्दाचे मराठीत 'शीव' झाले. 'सिंदूर' या शब्दाचा 'शेंदूर' झाला. त्याच रीतीने 'नासिक' या नावाचे 'नाशिक' झाले. म्हणून ही चूक नव्हे; लोकांच्या मुखातून घडलेले ते मराठी रूप होय. आज राज्यकारभारात तेच रूढ आहे.

नावाच्या उगमाविषयी दोन कथा सांगतात. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका, म्हणजे नाक, येथे कापले, ही एक. आणि नऊ टेकड्यांच्या 'नवशिखा' वरून नाव पडले, ही दुसरी. लेखांची कसोटी लावली, तर दुसरी कथा टिकत नाही. कारण प्राचीन लेखांतील नावात 'व' ही नाही आणि 'ख' ही नाही. पहिल्या कथेतील 'नासिका' हा शब्द नावाशी जुळतो खरा. परंतु ते नाव का पडले, हे कोणताही प्राचीन लेख सांगत नाही. कथा आवडीने ऐकावी, पण तिला पुरावा समजू नये.

राज्ये आली आणि गेली, लिप्या बदलल्या, एक अक्षरही बदलले. तरी दोन हजार वर्षांपूर्वी गोरखितेने सांगितलेले नाव आजही ओळखू येते. आपल्या गावाचे नाव जुन्या कागदांत, शिलालेखांत कसे लिहिले आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी शोधून पाहावे.

स्वाध्याय
1. गोरखितेच्या दानलेखावरून कोणती माहिती मिळते?
2. 'नाशिक' हे रूप चुकीचे का म्हणता येत नाही?
3. 'नवशिखा' ही कथा पुराव्यावर का टिकत नाही?