कोयत्याखालची चिठ्ठी

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांनी घरोघरी पडून असलेली जुनी लोखंडी अवजारं गोळा केली आहेत. ती वर्गात मांडून प्रत्येकाखाली चिठ्ठी लावायची आहे. पण नावांवरून मुलांतच जुंपली. एकाच वस्तूला कुणी विळा म्हणतं, कुणी खुरपं, कुणी कोयता. ही अवजारं वेगळी ओळखायची कशी आणि चिठ्ठीवर लिहायचं काय? सातवीतल्या एका मुलानं तर 'एक कोयता म्हणजे दोन माणसं' असं लिहून आणलंय. ती चिठ्ठी लावावी का?
– एक शिक्षिका, धारूर तालुका

उत्तर : लावा, नक्की लावा. तुमच्या अख्ख्या मांडणीत तेवढी अचूक चिठ्ठी दुसरी नसेल. तिच्याकडे येतोच. आधी मुलांचं भांडण मिटवू.

मुलं आकाराकडे बघून नाव ठरवतात, म्हणून घोळ होतो. हातातल्या अवजाराला आपल्याकडे कामावरून नाव पडतं आणि काम ओळखायचं तर क्रियापद विचारावं. विळ्यानं कापतात, खुरप्यानं खुरपतात, कुऱ्हाडीनं फोडतात, विळीवर चिरतात आणि कोयत्यानं तोडतात. पिकांचंही तसंच. गव्हाची, बाजरीची सोंगणी होते. ज्वारीची काढणी होते, कारण धाट मुळासकट उपटून काढायचं आणि कणसं मागाहून खुडायची. उसाची मात्र तोड. 'ऊस कापायला गेले' असं तुमच्या भागात कुणी म्हणणार नाही. 'तोडीला गेले' म्हणतील, नाहीतर नुसतंच 'कारखान्याला गेले'.

क्रियापदामागे हाताची चाल असते आणि त्या चालीवरून लोहार पात्याचा आकार ठरवतो. विळा वापरताना डाव्या मुठीत धाटं धरायची, पातं मागून घालायचं आणि स्वतःकडे ओढायचं. सगळं काम धारेचं, वजनाचं त्यात काही नाही. म्हणून विळा अरुंद, पातळ, चंद्रकोरीसारखा. काही विळ्यांना बारीक दाते असतात, ते गवताला बरे पडतात. खुरपं बसून चालवायचं असतं, म्हणून त्याची मान वाकवलेली असते. त्यामुळे पातं जमिनीला लागून सरकतं आणि तण मुळाशी सुटतं. कोयता उचलून मारायचा असतो. त्याला वजन लागतं, तेही मुठीपासून लांब, पुढच्या अंगाला. म्हणून पातं रुंद, पाठ जाड आणि टोक किंचित आत वळलेलं. तोल बघितला की हे चटकन कळतं. पातं आडवं करून बोटावर तोलून धरा. विळ्याचा तोल मुठीजवळ सापडेल, कोयत्याचा पार पुढे. मुलांच्या हाती देण्याआधी धारेला चिंधी तेवढी गुंडाळा.

नाव लिहिताना गावही लिहायला सांगा. शब्द तोच राहतो, पण मुलूख बदलला की वस्तू बदलते. कोकणात नारळावर चढणाऱ्याच्या कमरेला मागे अडकवलेला, चोचीसारख्या टोकाचा कोयता पाहिलात तर तुमचा नि तो सख्खे भाऊ वाटणार नाहीत. पुण्याकडे तर गेली काही वर्षं वर्तमानपत्रं 'कोयता गँग' छापतात आणि तिथल्या मुलाला कोयता म्हटलं की मारामारी आठवते. तुमच्या वर्गातल्या मुलाला आई-बाप आठवले. माझ्या लेखी त्याचा अर्थ मोठा आहे.

आता घडण. मांजरसुंब्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक घिसाडी कुटुंब पाल टाकून बसलं होतं. त्यांच्यापाशी एक दुपार काढली तेव्हा मला कोयता खऱ्या अर्थानं कळला. कच्चा माल होता जुन्या ट्रकचा कमानपाटा. भार पडला की वाकायचं आणि भार उतरला की परत आपल्या जागी यायचं, यासाठीच हे पोलाद बनवलेलं असतं. त्यात शेकडा अर्ध्याच्या आसपास कार्बन असतो. साध्या सळईत तो बराच कमी, म्हणून सळईला कितीही धार लावा, ती टिकत नाही. आपला लोहार कार्बन मोजत बसत नाही. 'पाट्याचा कोयता' एवढंच सांगतो आणि गिऱ्हाइकाला तेवढ्यावर मालाची जात कळते.

भट्टीत तुकडा नारिंगी झाला की सांडशीनं ऐरणीवर यायचा. गडी सांडशी धरून तो फिरवत होता आणि हातातल्या लहान हातोड्यानं कुठे मारायचं ते टकटक करून दाखवत होता. त्या टकटकीवर घण पडत होता आणि घण होता त्याच्या बायकोच्या हातात. पाच-सहा किलोचा घण डोक्यावरून घेऊन ती बरोबर त्याच जागी आणत होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. हातोडा ऐरणीवर आडवा वाजला की ती थांबायची, लोखंड परत भट्टीत जायचं. पातं ताणलं गेलं, पाठ जाड राहिली, धारेची बाजू पातळ झाली, मागचं टोक निमुळतं झालं. पुढे ते तापवून बाभळीच्या मुठीत ठोकायचं आणि मूठ फुटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडं बसवायचं.

खरी कसोटी पाणी देण्याची. लाल झालेलं पातं पाण्यात घातलं की पोलाद एकदम कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून धारेपुरतंच बुडवायचं, पाठ मऊच ठेवायची. मग धार घासून चकचकीत करायची आणि पाठीतली उरलेली धग तिच्याकडे सरकू द्यायची. तेव्हा धारेवर रंग चढू लागतात, आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा साधारण सव्वादोनशे अंशांना येतो, निळा तीनशेच्या आसपास. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक पण टवके उडणारी, निळ्यावर गेलं तर चिवट पण लवकर बोथट होणारी. उसाच्या कोयत्याला अधलंमधलं कुठेतरी थांबावं लागतं, कारण त्याचा घाव नेहमी उसावरच बसतो असं नाही.

याचं कारण उसातच आहे. साखर बुडाकडच्या पेरांत जास्त असते. ऊस वरून तोडला तर साखर रानातच राहते आणि बुडखा उंच राहिला की खोडव्याचे फुटवेही नीट येत नाहीत. म्हणून तोड जमिनीलगत हवी आणि जमिनीलगत माती असते, खडे असतात. दिवसभर वाकून तोडायचं, मध्येच कानस मारून धार काढायची आणि धार अगदीच गेली की कोयता लोहाराकडून शेवटून आणायचा. 'शेवटणं' हा शब्द मुलांना जरूर शिकवा. बोथट हत्यार तापवून, ठोकून पुन्हा धारेला आणणं एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात मावतो.

आता त्या मुलाची चिठ्ठी. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, म्हणजे आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, वडवणी या भागांतून दरवर्षी माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादम त्यांचा हिशेब कोयत्यावर करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, खाडा पडला तर दंड कोयत्यावर बसतो. टोळी आठ कोयत्यांची की दहा, असं विचारतात. ऊस कसा वाहायचा यावरून पुन्हा प्रकार पडतात. बैलगाडीवाले गाडीवान, रबरी चाकाची गाडी असेल तर टायरवाले आणि डोक्यावर मोळी नेऊन ट्रक-ट्रॅक्टर भरायचा असेल तर डोकी सेंटर. एका कोयत्याच्या बिऱ्हाडात प्रत्यक्ष कोयते दोन-तीन असतात, कारण तोडतात दोघंही. त्यावर पाचट काढणं, वाढं छाटणं, मोळ्या बांधून वाहणं, शिवाय कोपीवरचा स्वयंपाक आणि लेकरं, यातलं बरंचसं बाईकडे.

अवजारावरून माणसं मोजायची ही रीत सोयीची असेल, पण तिनं फार नुकसान केलं आहे. टनाचा दर कोयत्याला मिळतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही कोयत्यालाच. त्यातला बाईचा वाटा किती, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, याची चौकशी करायला सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडतो, खाड्यानं दंड बसतो, अशी ती साखळी बायकांनी स्वतः सांगितली. या बायका आधीही होत्याच. पण त्या कोयत्यात धरलेल्या होत्या, म्हणून वेगळ्या कुणी मोजल्या नव्हत्या. तुमच्या विद्यार्थ्यानं एका कोयत्याची दोन माणसं केली. हिशेबाच्या वहीनं जे पुसलं ते त्यानं परत लिहिलं.

म्हणूनच चिठ्ठ्या नीट लिहा. गावात म्हणतात तेच नाव वर घ्या, पुस्तकी नाव हवं तर खाली. त्याच्यासमोर क्रियापद. लांबी, वजन, पाठीची जाडी. लोखंड पाट्याचं की दुसरं कसलं, मूठ बाभळीची की बोरीची, मुठीला चिंधी गुंडाळली आहे की सायकलची ट्यूब. झीज मोजायला विसरू नका. पात्याची रुंदी मुठीजवळ मोजा आणि मधोमध मोजा. कानस मारून मारून पातं मध्ये खपतं आणि त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून कोयत्यानं किती हंगाम पाहिले याचा अंदाज येतो. मुलांना हे माप फार आवडेल असं मला वाटतं.

मग माणसं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. वस्तू नोंदायची तर ती करणारा कोण आणि गावाशी त्याची देवघेव कशी, हेही नोंदायचं, हे त्या पुस्तकावरून शिकावं. तेव्हा अवजार गावच्या लोहारानं बनवलं की फिरत्या घिसाड्यानं, बदल्यात धान्य दिलं की पैसे, हे मुलांना आजोबांना विचारून यायला सांगा. घिसाड्यानं बनवलं असेल तर घण कुणी मारला, तेही विचारा. शेवटी वापरणाऱ्यांची नावं, बाईचं आणि गड्याचं, दोन्ही. 'वडिलांचा कोयता' एवढंच कुणी लिहून आणलं तर त्याला परत घरी पाठवा आणि आईला विचारून ये म्हणा.

तारखेची एक गोष्ट राहिली. खंडेनवमीला घरोघरी अवजारं धुऊन, हळदकुंकू लावून पुजली जातात आणि दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. तुमच्या वर्गातली काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतील, काही आई-बापांबरोबर जातील. तेव्हा मांडणी खंडेनवमीच्या आत उघडा आणि तोडीला जाणाऱ्या आई-बापांना पहिल्याच दिवशी बोलवा. त्यानंतर ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततील.