लाखोरीच्या दाण्यात काय दडले आहे?



धानाचे दाणे भरत आले, की बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकण्याची आपल्या भंडारा जिल्ह्यातील पद्धत फार जुनी आहे. वेगळी नांगरट नाही, ओलित नाही. धान कापून बांधावर येईपर्यंत खाली हिरवी लाखोरी उभी असते. माणसाला डाळ मिळते, गुरांना कुटार मिळते आणि जमिनीला नत्र मिळते.

तरीही या पिकाचे नाव निघाले, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "लाख खाल्ल्याने पाय जातात, हे खरे आहे का?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी दाण्यात कोणते घटक आहेत, हे पाहावे लागते.

गुण कोणते?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम लाखोरी डाळीत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत ती सुमारे २२ ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीत २१ ग्रॅम, तर तांदळात जेमतेम ७ ग्रॅम असतात. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते लाखोरीत भरपूर आहे. लाखोरीत मिथिओनिन कमी आहे, ते तांदळातून मिळते. म्हणजे भात आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात.

दोष कोणता?

याच दाण्यात 'ओडॅप' नावाचे विषारी द्रव्य असते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते वेगळे करून त्याची रचना मांडली. हे द्रव्य पायांकडे जाणाऱ्या मज्जामार्गावर परिणाम करते. पाय ताठरतात, गुडघे वाकतात, रोगी चवड्यावर चालू लागतो व शेवटी काठी हाती येते. आयुर्वेदात यास 'कलायखंज' म्हटले आहे. एकदा आलेले हे पंगुत्व औषधाने बरे होत नाही, म्हणून सावधगिरी आधीच हवी.

मात्र अधूनमधून खाल्लेल्या वाटीभर वरणाने हा रोग होत नाही. रोजच्या आहाराचा सुमारे एक तृतीयांश किंवा अधिक भाग लाखोरीचाच असेल आणि असे दोन-तीन महिने सलग चालले, तर धोका निर्माण होतो. मध्य प्रदेशातील सागर भागात १८२९ नंतर लागोपाठ गहू बुडाला, लाख तेवढी तगली आणि लोकांनी तीच खाल्ली. पुढे अनेक तरुण पांगळे झाल्याची नोंद आहे. रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून लाखच दिली जाई. तेथेही हेच घडले. विष दाण्यात होते, पण माणूस पांगळा झाला तो ताटात दुसरे काही नसल्यामुळे.

या डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले व महाराष्ट्रात २००८ मध्ये ती उठली. केंद्राच्या २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत मात्र निर्बंधाची तरतूद ठेवण्यात आली. त्यामुळे विक्रीपूर्वी नियमांची चौकशी करावी. तूर किंवा हरभरा डाळीत लाखोरीची भेसळ तर कधीही करू नये.

आपण काय करावे?

१) बियाणे बदला. गावरान वाणांपेक्षा ओडॅप बरेच कमी, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आत असलेले रतन, प्रतीक व महातिवडा हे वाण उपलब्ध झाले आहेत. मधमाश्यांमुळे गावरान वाणाशी संकर होतो. म्हणून शेजारच्या बांधीत गावरान लाख असल्यास त्या कडेचे बी राखू नका व ठरावीक काळाने शुद्ध बियाणे नव्याने घ्या.

२) ओल साधा. पाण्याचा ताण पडला, की दाण्यातील ओडॅप वाढते. धान कापणीपूर्वी १० ते १५ दिवस, बांधीत पुरेशी ओल असतानाच बी फेका.

३) पाणी फेका. ओडॅप पाण्यात विरघळते. एक वाटी डाळीवर चार वाट्या उकळते पाणी ओतून तासभर झाकून ठेवा, ते पाणी टाकून द्या, डाळ दोनदा धुवा व मग शिजवा. नुसत्या भाजण्याने विष पुरते जात नाही. कोवळ्या पानांतही ओडॅप असते, म्हणून भाजी उकडून तिचेही पाणी टाकावे. या रीतीने विष कमी होते, नाहीसे होत नाही. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, हे ध्यानात असू द्या.

४) ताट बदलते ठेवा. तूर, मूग, बरबटी, भाजीपाला यांच्या जोडीने लाखोरी खा. पीठ करून रोजच्या भाकरीत घालू नका. मजुरीत धान्य देत असाल तर केवळ लाखोरी देऊ नका. आपल्या घरी तिच्याजोडीला दुसरी डाळ असते, मजुराच्या घरी असेलच असे नाही.

कमी विषाचे बी, वेळेवरची पेरणी, टाकून दिलेले पाणी व मिश्र आहार, यांपैकी एकही गोष्ट फार खर्चाची नाही. कोठ्यातील बियाणे कोणत्या वाणाचे आहे, एवढा प्रश्न या हंगामात स्वतःला जरूर विचारा. उत्तर ठाऊक नसेल, तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन सल्ला घ्या.